मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट

"चरबीच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, सूनबाई. आणि जिथं दोघांना जोडायचंय तिथं तर मुळीच नाही," असं झूराकान आपांनी बेगिमायला बजावलं होतं. आपा म्हणजे तिच्या सासूबाई. आणि त्या ज्या वस्तूला चरबी म्हणत होत्या ती होती थर्मल पेस्टची करंगळीएवढी नळी, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांबरोबर आलेली. बेगिमायनं "हो आपा" म्हटलं आणि विषय संपवला. सासूला हो म्हणणं वेगळं आणि सासूचं ऐकणं वेगळं, हे आमच्या डोंगरातल्या नारीन गावच्या सुनेला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातच समजतं.

आपांच्या बोलण्याला मागचा एक दाखलाही होता. आमच्यात सोयरीक ठरली की दोन्हीकडचे व्याही एकमेकांना मेंढीच्या काळजाचा आणि शेपटीच्या चरबीचा काप भरवतात. तो घशाखाली उतरला की सोयरीक पक्की. मग मोडायची सोय नाही. बेगिमायच्या सोयरिकीत तिच्या काकानं चरबीचा काप इतका पातळ कापला होता की त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. आपांनी तो गिळला, पण विसरल्या नाहीत. घरात कशावरून वाजलं की त्या छताकडे बघत म्हणत, "चरबीच कमी पडली होती."

तर कॉम्प्युटर. बेगिमायनं राजधानीत, बिश्केकला राहून इमारती बांधायचं शिक्षण घेतलं होतं आणि लाल पुठ्ठ्याचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. लाल पुठ्ठा फक्त अव्वल येणाऱ्यांना मिळतो, हे ती स्वतःहून कुणाला सांगत नाही. पण समोरच्यानं विचारलं नाही तर तिला वाईट वाटतं. लेक माराल झाल्यापासून ते प्रमाणपत्र कपाटात चादरींखाली होतं. अशात राजधानीतल्या एका कंपनीत इमारतींचे आराखडे काढायची जागा निघाली. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. घरी बसून काम करा. मात्र तुमचा कॉम्प्युटर आमचे अवजड आराखडे पेलतो, हे परीक्षेच्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. पेलत नसेल तर इकडे ऑफिसात या.

'इकडे या' म्हणायला काय जातं? इकडे जायचं म्हणजे माराल नारीनमध्ये आजीजवळ आणि आई डोंगरातल्या खिंडीपलीकडे, बिश्केकमध्ये. तसं पुष्कळजण करतात. समोरच्या दारातल्या तोक्तोसून बाइकेंची (बाइके म्हणजे थोरले दादा) नात तशीच वाढते आहे. "तुझी आई कुठंय गं?" म्हणून विचारलं की ती पोर टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवते. बेगिमायनं ते एकदा पाहिलं, घरी आली, आणि मारालला इतका वेळ पोटाशी धरून बसली की माराल शेवटी चावली.

तेव्हा कॉम्प्युटर चालणं भागच होतं. बेगिमायचा नवरा कुबान खिंडीत बर्फ काढायच्या गाडीवर असतो. हिवाळ्यात तो घरात कमी आणि फोनवर जास्त. तो म्हणाला, "घे सगळे भाग मागवून. तू इमारती जोडतेस, तुला पेटी जोडणं काय जड?" नवरे लांबून बोलतात तेव्हा फार प्रोत्साहन देतात.

भाग बिश्केकहून प्रवासी गाडीतून आले, ड्रायव्हरच्या शेजारच्या बाईच्या मांडीवरून. बेगिमायला वाटलं होतं, गुपचूप खोके उघडू, गुपचूप जोडू. पण आमच्या इमारतीत नवी वस्तू आली की तिचं सूनमुख पाहायला यावं लागतं, आणि रिकाम्या हातानं येता येत नाही. तोक्तोसून बाइके जर्दाळूचा मुरंबा घेऊन आले. तळमजल्यावरच्या बुरुल एजे (एजे म्हणजे ताई), शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, फुलाफुलांचा रुमाल घेऊन आल्या आणि तो त्यांनी थेट कॉम्प्युटरच्या पेटीला गुंडाळला. आपांनी दृष्ट लागू नये म्हणून आर्चाच्या सुगंधी झुडपाची फांदी पेटवून तिचा धूर पेटीभोवती फिरवला. मदरबोर्डवर राख पडेल म्हणून बेगिमाय हात आडवा धरून पेटीबरोबर गोल गोल फिरत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सून फार श्रद्धाळू आहे.

आता थोडं शास्त्र. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, आणि डोकं चालवलं की तापतं. हे ज्यांनी कधी चालवलंय त्यांना ठाऊक आहे. ते तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात, तो कूलर. दोन्हीच्या अंगाला हात लावाल तर आरशासारखं गुळगुळीत. पण ते व्याह्यांसारखं असतं: वरून गुळगुळीत, मध्ये बारीक बारीक फटी. त्या फटींत हवा राहते, उष्णता अडते, आणि डोकं भडकतं. म्हणून मध्ये ही करडी पेस्ट लावायची. हिनं थंड होत नाही. ही नुसती फटी बुजवते आणि याची धग त्याच्याकडे पोचवते. किती लावायची? बेगिमायनं माराल झोपलेली असताना आवाज बंद करून जेवढे व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत एकमत होतं. मधोमध एक वाटाणा. बाकी दाब आपोआप पसरवतो.

तिनं वाटाणा ठेवला. गोल, देखणा, मधोमध. लाल पुठ्ठ्याला शोभेल असा.

"एवढीशीच?" मागून तोक्तोसून बाइके म्हणाले. बाइके आयुष्यभर ट्रक दुरुस्त करत आले. "पोरी, ग्रीस वाचवणाऱ्याचा ट्रक खिंडीत झोपतो आणि मालक चालत घरी येतो."

"बाइके, ही ग्रीस नाहीये."

"करडी आहे ना? चिकट आहे ना? धातू आणि धातूच्या मध्ये जाते ना? मग काय आहे, लोणी?"

आपा म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते."

बेगिमाय काही बोलायच्या आत बाइकेंनी नळी उचलली आणि टायर बदलणाऱ्या अंगठ्यानं दाबली. कूलर बसवला तेव्हा जास्त सारण भरलेली मंती उकडताना फुटावी तशी चारी बाजूंनी पेस्ट बाहेर आली. कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दाखवणारा आकडा असतो. तो बघता बघता नव्वदीच्या पुढे गेला आणि कॉम्प्युटरनं स्वतःहून डोळे मिटले. बाइके म्हणाले, "अजून थोडी हवी होती."

आता ती पेस्ट पुसायला शुद्ध स्पिरिट पाहिजे. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, डॉक्टरची चिठ्ठी आणा. बेगिमाय दवाखान्यात गेली. खिडकीतल्या बाईनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पेशंट नाही हो, कॉम्प्युटर आहे. पुसायचाय."

"नावाशिवाय चिठ्ठी निघत नाही."

बेगिमायनं स्वतःचं आडनाव सांगितलं. पाठीमागे रांग होती, आणि रांगेतल्या लोकांपुढे तिला नेहमी आपलंच चुकतंय असं वाटतं.

"जन्म कधीचा?"

"त्याचा? याच वर्षीचा."

"त्रास काय?"

"तापतो."

बाईनं 'तान्हं मूल, ताप' असं लिहून तिला बालरोगाच्या खोलीकडे पिटाळलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्कर आणि मायाळू होत्या. "ताप किती आहे?" त्यांनी विचारलं.

"चालू केला की नव्वदच्या वर जातो," बेगिमाय म्हणाली. सकाळपासून तेच डोक्यात होतं, दुसरं काय निघणार तोंडातून.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मग सगळं ऐकून घेतलं, खण उघडून इंजेक्शनच्या आधी कातडी पुसायच्या स्पिरिटच्या घड्या मूठभर काढून दिल्या, आणि म्हणाल्या, "यानं पुस. आणि बाळा, अधूनमधून झोपत जा."

घरी येईपर्यंत बुरुल एजे सूत्रं हातात घेऊन बसल्या होत्या. बुरुल एजे आणि तोक्तोसून बाइके एकाच वर्गात शिकले. दोघांचं तेव्हापासूनच पटत नाही. "उष्णतेचा धडा चालू असताना तो खिडकीबाहेर घोडे बघत बसायचा," एजे म्हणाल्या. "अगं, जाडी वाढली की अडथळा वाढतो. पातळ. जितकं पातळ तितकं उत्तम." त्यांनी जुन्या बसपासाच्या कडेनं पेस्ट पसरली, मग खरवडली, मग पुन्हा खरवडली. पातळपणाचं त्यांना वेडच लागलं. शेवटी तिथं पेस्ट होती की पेस्टची नुसती आठवण, हे सांगणं कठीण होतं. कॉम्प्युटर चालू केला. आकडा पुन्हा चढला, पुन्हा अंधार.

"कमी पडली," जिन्यातून बाइके ओरडले. ते आत येणार नव्हते. एजे आत होत्या.

"जास्तच झाली," आतून एजे म्हणाल्या.

सगळ्यांत बरोबर होता तो पहिला वाटाणा, हे बेगिमायला कळत होतं. पण मोठी माणसं बोलत असताना लाल पुठ्ठ्याला कोण विचारतो? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं तर नवरा-नवरी दोघंही धातूचे, आणि विघ्नं सगळी हाडामांसाची.

नळीत थोडीच पेस्ट उरली होती. ती जपून वरच्या फळीवर ठेवायची असं ठरवून बेगिमाय मागे वळली, तर नळी टेबलावर नाही. आणि माराल खोलीत नाही. आईला या दोन गोष्टी एकदम दिसल्या की तिचे पाय तिच्याआधी धावतात. माराल टेबलाखाली सापडली. गाल करडे, हनुवटी करडी, आणि मांडीवर तिचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, घोडा, त्याचं अख्खं तोंड चकचकीत करडं. नव्या बाळाच्या ओठांना लोणी लावतात, ते तिनं शेजारच्या बारशाला पाहिलं होतं. घोडा नवा होता.

बेगिमायनं तिची जीभ पाहिली, दात पाहिले, नाक पाहिलं, तिला उलटी करून पाहिलं. मग तशीच कोटात गुंडाळून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तिला दारात पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"या वेळी खरंच मूल आहे," बेगिमाय धापा टाकत म्हणाली.

बाईंनी तोंड तपासलं, बोटं हुंगली, छातीला नळी लावली. "पोटात काही गेलेलं नाही. तोंड स्वच्छ आहे." मग मारालच्या काखेतल्या घोड्याकडे बघून म्हणाल्या, "त्याचं बघू का?"

परत आल्यावर नळी पिळपिळ पिळून निघाली ती मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट. तेल गेलं, तूप गेलं, आणि हाती मसूर आला. नारीनमध्ये दुसरी नळी नव्हती. दुकानदार म्हणाला, बिश्केकहून येईल, पण रात्रीपासून खिंड बंद आहे. ती बंद असल्याची बातमी खुद्द कुबाननंच दिली, कारण तो तिथंच बर्फात उभा होता. आणि परीक्षा होती दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी.

त्या दुपारी बेगिमायनं आमच्या इमारतीच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं ते केलं. दाराला आतून कडी घातली. बाइके एकदा वाजवून गेले, एजे एकदा. प्रोसेसर पुसून लख्ख केला, श्वास रोखला, आणि मधोमध तो शेवटचा मसूर ठेवला. आता फक्त कूलर वरून सरळ टेकवायचा होता. तेवढ्यात आतल्या खोलीत धप्प झालं. आणि पाठोपाठ मारालचा टाहो. रजयांच्या चळतीवर चढून ती खाली आली होती, ती डोक्यावरच.

टेंगूळ आलं. त्यावर गार चमचा दाबून, डोळ्यांच्या बाहुल्या बघून, "ही किती बोटं? ही आई ना? मी कोण?" असं विचारून, उत्तरादाखल एक चापट खाऊन बेगिमाय बाहेर आली, तर कूलर जागेवर बसलेला. झूराकान आपा एप्रनला हात पुसत होत्या. बाल्कनीचं दार नुकतंच लावल्यासारखं गारठा सोडत होतं. हिवाळ्यात आमच्या बाल्कन्याच फ्रीज असतात, मांस, लोणी, सगळं तिथंच.

"ठेवून दिला मी वर," आपा म्हणाल्या. "नुसता टेकवलाय. स्क्रू तू पिळ."

"वाकडा नाही ना ठेवला?"

"सूनबाई, मी सहा माणसांचं घर जोडून ठेवलंय. हे तर दोनच आहेत."

बेगिमायनं स्क्रू पिळले, कोपऱ्यासमोरचा कोपरा, थोडा हा, थोडा तो. कॉम्प्युटर चालू केला. आकडा खाली. अगदी खाली, गाईसारखा गरीब. तिनं आपांना मिठी मारली. आपा म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं?" आणि हसल्या. त्या हसण्याकडे बेगिमायनं जरा लक्ष द्यायला हवं होतं. पण आनंदात माणूस समोरच्याच्या हसण्याचा अर्थ लावत बसत नाही. तापमान चढवून बघायची आणखी एक चाचणी असते, तीसुद्धा तिनं केली नाही. उगाच नशिबाला डिवचा कशाला?

शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, कारण इंटरनेटची तार तिथवरच पोचते. बेगिमाय वरून कोट-शर्ट, खालून लोकरी पायजमा. माराल आजीच्या मांडीवर. पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचे तालायबेक साहेब आले, बारीक मिशीचे, घाईतले. "शाळेच्या इमारतीचा आराखडा पाठवलाय," ते म्हणाले. "त्यात चुका आहेत. शोधा, दुरुस्त करा, आणि अख्खी इमारत फिरवून दाखवा. तुमचा कॉम्प्युटर मध्येच बसला तर थांबू, काही हरकत नाही. मग इकडे या."

बेगिमाय कामाला लागली. आणि काय सांगावं, मजा येऊ लागली. जिना भिंतीत घुसला होता, तो तिनं ओढून बाहेर काढला. एका वर्गाला दारच नव्हतं, त्याला दार दिलं. इतक्या दिवसांनी बोटांना आपलं काम सापडलं होतं. कॉम्प्युटर घुमत होता, इमारत तरंगत होती, आकडा हळूहळू चढत होता. चढणारच, काम करतोय.

मग वास आला. आधी अंधुक, घरात नेहमी असतो तसा. मग दाट. तापलेल्या मेंढीच्या चरबीचा, कढईत बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळायला सोडायच्या क्षणी येतो तसा. बेगिमायला वाटलं आपांनी गॅस चालू ठेवला. तिनं डोळ्यांनी खुणावलं. आपांनी डोळ्यांनीच सांगितलं, गॅस बंद आहे. आणि पंखा तो वास घरभर, दाराखालून, जिन्यातून, अख्ख्या इमारतीला वाटत होता.

आता शुक्रवारी सकाळी एखाद्या घरातून तापलेल्या चरबीचा वास आला तर आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. त्या घरातल्यांनी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं तेल तापवलंय; आत्म्याला वास पोचतो, आणि शेजाऱ्यांनी येऊन दुवा करायचा असतो. आपांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दार उघडलं आणि तोक्तोसून बाइके टोपी सारखी करत आत आले. पाठोपाठ बुरुल एजे, हातात पाव. दोघं एका खोलीत, म्हणजे प्रसंग खरोखरच गंभीर.

"आठवण ठेवलीत, झूराकान," बाइके हळू आवाजात म्हणाले. "फार चांगला माणूस होता."

आलेल्याला परत पाठवायची आमच्यात रीत नाही. आपांनी खाली दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरला, पाव मोडला. सगळे बसले, ते नेमके बेगिमायच्या पाठीमागे, कॅमेऱ्याच्या चौकटीत. बाइकेंनी हात पसरून दुवा म्हणायला सुरुवात केली. बेगिमायनं एका हातानं माऊस धरला आणि दुसरा पसरला.

पडद्यावर तालायबेक साहेब थबकले. "हे काय चाललंय?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण समोर वडीलधारी माणसं हात पसरून बसलेली. साहेब झाला तरी माणूस कुणाचा तरी मुलगाच असतो. त्यांनीही टाय बाजूला सारून हात पसरले. "आमीन," सगळ्यांबरोबर म्हणाले, तोंडावरून हात फिरवला, आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

"सासरे. पण केव्हाच," बेगिमाय म्हणाली. "काम चालू आहे, साहेब."

पण आकडा नव्वदीला टेकला होता. आणि पेटीच्या खालच्या फटीतून एक पिवळसर थेंब आला, लोंबला, आणि बुरुल एजेंच्या फुलाफुलांच्या रुमालावर पडला. बेगिमायनं आवाजाचं बटण बंद केलं, मान किंचित वळवली. "आपा," ती ओठ न हलवता म्हणाली, "तुम्ही कूलरखाली काय लावलंत?"

"काय लावणार? शेपटीची चरबी. चांगली बोटभर." आपांच्या आवाजात अपराध नव्हता. "तू काय ठेवलं होतंस, मसूर. तुझ्या काकानं केलं तेच तू केलंस. तेवढ्यावर दोघं टिकतील का?"

"ती वितळलीय, आपा. आता मध्ये काहीच नाहीये. हा बंद पडणार."

"पडला तर पडू दे. पुन्हा लावू."

"पुन्हा नाही. बंद पडला तर मला तिकडे जावं लागेल. एकटीला."

आपांनी मांडीवरच्या मारालकडे पाहिलं. माराल टेंगळावर चमचा दाबून बसली होती; तिला आता तीच सवय लागली होती. आपा उठल्या. पोरीला नमद्यात डोक्यापर्यंत गुंडाळून बुरुल एजेंच्या हवाली केलं, आणि खिडकीशी गेल्या.

त्या खिडकीबद्दल सांगायला हवं. आपांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ म्हणजे वाऱ्याची झुळूक. सर्दी, पाठदुखी, दातदुखी, मुलांचे शाळेतले कमी मार्क, सगळं झुळुकीमुळे. थंडी पडायच्या आधी त्या खिडकीच्या प्रत्येक फटीत कापूस कोंबतात आणि वरून साबण लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. वसंत येईपर्यंत त्या पट्टीला बोट लावायची कुणाची प्राज्ञा नाही. कॉम्प्युटरला पंखा आहे हे कळल्यावर त्या दिवसभर बेगिमायशी बोलल्या नव्हत्या. त्या आपांनी पट्टीचं टोक नखानं उचललं आणि वरून खालपर्यंत फाडली. सर्रकन. मग दुसरी. कापूस उपसला, आणि दोन्ही झडपा उघडल्या.

नारीनचा जानेवारी घरात आला.

"झूराकान, वारा," बाइके घाबरून म्हणाले.

"टोप्या घाला," आपा म्हणाल्या, आणि पेटीचं झाकण काढून तिचं उघडं अंग खिडकीकडे फिरवलं.

सगळ्यांनी कोट चढवले. बाइकेंनी आपल्या गळ्यातला मफलर काढून बुरुल एजेंच्या डोक्याला बांधला, आणि एजेंनी तो बांधून घेतला. इमारतीत यावर पुढे बरीच चर्चा झाली. आकडा थांबला. मग एक पाऊल खाली आला. मग दोन. वाट्यांतल्या चहावर सायीसारखा बर्फाचा पापुद्रा धरू लागला. बेगिमायची बोटं गोठत होती, पण शाळा फिरत होती. तिनं छत तपासलं, शेवटची चूक पकडली, अख्खी इमारत सावकाश, ऐटीत, गोल फिरवून दाखवली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तुमच्याकडे हीटर नाही का?" तालायबेक साहेबांनी विचारलं.

"आहे, साहेब," बेगिमाय आवाज पुन्हा चालू करून म्हणाली. "जरा जास्तच आहे."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाले, "कॉम्प्युटर दमदार आहे. इतका वेळ आमचे इथलेसुद्धा टिकत नाहीत. पेस्ट कुठली लावलीत?"

बेगिमायनं मागे पाहिलं. दस्तरखानाभोवती लोकरीच्या गाठोड्यांसारखी बसलेली चार माणसं, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाठोड्यातून डोकावणारा चमचा.

"घरची आहे," ती म्हणाली.

नोकरी मिळाली. घरूनच. खिंड उघडल्यावर नवी नळी आली, बेगिमायनं सगळं पुसून वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, आणि त्या वेळी बाइके आणि एजे दारातच उभे राहून बघत होते, एक शब्द न बोलता, एकमेकांच्या शेजारी.

फक्त कागदांवर सह्या करायला एकदा इथं, बिश्केकला, यावं लागलं. बेगिमाय मारालला बरोबर घेऊन आली आहे, आणि पुन्हा बर्फ पडून खिंड बंद झाली आहे, म्हणून आम्ही सगळेच नारीनकर इथं अडकलोय. माराल मजेत आहे, तिची काळजी नाही. काळजी वेगळीच आहे. आपा घरी एकट्या आहेत. फोन केला की म्हणतात, सगळं छान आहे, तू जेवलीस का? पण काल मागून बाइकेंचा आवाज येत होता. मुलीशी मोठ्या पडद्यावर बोलता यावं म्हणून त्यांनीही कॉम्प्युटरचे भाग मागवलेत, आणि जोडणीला आपांना बोलावलंय. "अनुभवी माणूस असलेलं बरं," ते म्हणत होते. बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज बेगिमायनं स्वतःच्या कानांनी ऐकला.

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. खिंड उघडल्यावर तुमच्यापैकी कुणी नारीनकडे निघालं, तर जरा तिच्या घरी डोकावून या. दार वाजवायला लागत नाही, उघडंच असतं. चहाला नाही म्हणू नका. बैठकीच्या खोलीतल्या खिडकीच्या नव्या पट्ट्या नीट चिकटल्यात का, बोट फिरवून बघा. आपांना वारा बाधतो, आणि त्या कुणाला सांगायच्या नाहीत. आणि जिन्यातच चरबीचा वास आला, तर आधी हात पसरून दुवा करा. मग धावत वर जा, आणि तेवढी खिडकी उघडा.